ओव्हनवाचून अडत नाही

फळ भाजून केलेलं गोड आपल्या घरांसाठी नाही, हे मत नांदेड-लातूरकडे दोन तोंडांनी ऐकायला मिळतं. एक तोंड घरातल्या जुन्या माणसांचं. फळ पिकून आलंय, धुवावं आणि खावं, त्याला आच दाखवायची हे कुठलं खूळ, असं त्यांचं म्हणणं. दुसरं तोंड केक-बिस्किटांचे क्लास घेणाऱ्यांचं. त्यांच्या यादीत आधी ओव्हन येतो, मग साचे, मग बटर, मग व्हॅनिला इसेन्स, आणि सगळ्यात शेवटी हिरवी आंबट सफरचंदं. पहिले म्हणतात करू नका, दुसरे म्हणतात एवढं असल्याशिवाय तुम्हाला जमायचं नाही. हा पदार्थ परका आहे, असं दोघंही धरून चालतात. त्या समजुतीपायी एक अतिशय सोपं आणि स्वस्त गोड आमच्या स्वयंपाकघरांबाहेर राहिलं आहे. हा लेख त्या दोघांनाही उत्तर म्हणून लिहिते आहे.

पदार्थ कोणता ते आधी सांगते, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. पिकलेल्या फळाच्या फोडी भांड्याच्या तळाशी पसरायच्या. पीठ, गूळ आणि तूप बोटांनी चोळून त्याचा भुरभुरीत चुरा करायचा आणि तो फोडींवर अंथरायचा. मग भांड्याला आच द्यायची. संपला पदार्थ. यात अंडं नाही, यीस्ट नाही, फेटणं नाही, लाटणं नाही. इंग्लंडात याला क्रंबल म्हणतात. तो तिथे घरोघर पोचला तो टंचाईच्या काळात. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४० पासून, तिथे लोणी आणि साखर रेशनवर मिळू लागली. पाय करायचा तर फळाला सगळ्या बाजूंनी पिठाची पारी लागते, आणि तेवढं लोणी कुणाच्याच वाट्याला येईना. मग पारीऐवजी वर नुसता चुरा पसरून बायका काम भागवू लागल्या. ज्या पदार्थाचा प्रसार अभावातून झाला, त्याला आज श्रीमंती सामानाची यादी जोडून विकलं जातं, हे मला मान्य नाही.

आता जुन्या माणसांचा आक्षेप. फळाला आपण आच दाखवत नाही, हे खरं आहे का? सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आठवा. रवा, तूप, साखर, दूध सव्वाच्या मापात, आणि त्यात पिकलेलं केळं. ते केळं तुपात आणि रव्याच्या वाफेत शिजतं आणि त्याच वासाने घर भरतं. गुळांबा, मेथांबा, साखरांबा चुलीवरच होतात. पन्ह्याची कैरी कुणी उकडतं, कुणी निखाऱ्यावर भाजतं. लाल भोपळा गुळात शिजवून घारग्यांचं पीठ भिजवतात. जिथे पूजेचा प्रसादसुद्धा शिजवलेल्या केळ्याशिवाय पुरा होत नाही, तिथे फळ शिजवणं रीतीबाहेरचं कसं ठरेल? दूध आणि आंबट फळ एकत्र घेऊ नये असं आयुर्वेद सांगतो, आणि ते वचन पुष्कळदा या चर्चेत ओढून आणलं जातं. पण मी सांगते त्या पदार्थात दुधाचा थेंब नाही. ती शंका काढायची तर आधी फ्रूट सॅलडवर काढावी लागेल, आणि ते तर लग्नाच्या पंगतीत कुणी सोडत नाही.

मग दुसरा मुद्दा येतो: शिजवणं ठीक, पण बंद भांड्यात खालून-वरून भाजणं आपलं नाही. कोकणात धोंडस करतात. मोठ्या काकडीचा कीस, रवा, गूळ पातेल्यात घालून खाली आच ठेवतात आणि झाकणावर निखारे. पाठारे प्रभूंचं भानोलं असंच होतं. गोव्याचं बेबिंक थरावर थर देत वरच्या आचेवर भाजतात. यावर मला उत्तर मिळतं की ती समुद्राकडची माणसं, तिथे पोर्तुगीज आले, मुंबईला साहेब आला, आमच्याकडे कोण आलं होतं?

आमच्याकडे कुणी यायची गरजच नव्हती. रोडगे कुठे भाजतात? शेतात, गोवऱ्यांच्या आरात. कणकेचा गोळा राखेत गाडायचा, फिरवायचा, वरचा पापुद्रा करपट झाला की काढून झटकायचा आणि तुपात चुरायचा. पानगे पळसाच्या पानांत ठेवून निखाऱ्यात भाजतात. हिवाळ्यात हुरड्याची आगटी पेटली की कणसं झाल्यावर रताळी त्याच आरात जातात, आणि निघतात तेव्हा सालीखाली पाकासारखा चिकट रस जमलेला असतो. भाजलेल्या गोडाची एवढी ओळख असलेल्या मुलखाला भाजणं बाहेरून शिकावं लागेल, असं म्हणणाऱ्याने आगटीजवळ बसून पाहिलेलं नाही.

भट्टीचंही तेच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पाव, नान, शीरमाल, खारी, उस्मानिया बिस्किट ही त्या शहराची रोजची चव, आणि तिचे धागे नांदेड, उदगीर, लातूरपर्यंत आलेले आहेत. पुढे प्रत्येक मोठ्या गावात बेकरी आली. दिवाळी जवळ आली की घरचं तूप, रवा, पिठीसाखर डब्यात घालून बेकरीत नेऊन द्यायची आणि नानकटाया, बिस्किटं भाजून आणायची, ही रीत आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी पाडली. त्यांच्याजवळ ओव्हन नव्हता. आच गावात आहे, सामान घरात आहे, एवढा हिशोब त्यांना पुरला.

पोषणाचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. पेरूत, म्हणजे आमच्याकडच्या जांबात, शंभर ग्रॅममागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, आणि आच लागली की त्यातलं बरंच जातं. ताजा, कडक जांब मीठ-तिखट लावून कच्चाच खावा, त्याला भाजू नये. पण भाजायला आपण घेतो ते फळ कोणतं असतं? डझनभर केळी आणली, आठ खाल्ली, उरलेल्या चारांवर काळे ठिपके आले. जांब पिशवीत दबून मऊ पडले. मुलं हात लावत नाहीत, सासूबाई म्हणतात टाकवत नाही, आणि तिसऱ्या दिवशी चिलटं आली की ते गुपचूप बाहेर जातं. या फळाची स्पर्धा ताज्या फळाशी नाहीच. भाजलं तर त्यातलं पोटॅशियम आणि चोथा पोटात जातो, आणि टाकलं तर काहीच जात नाही. शिवाय जास्त पिकलेल्या केळ्यातल्या पिष्टाची साखर होऊन गेलेली असते, म्हणून जे खायला नकोसं झालं तेच भाजायला सगळ्यात चांगलं. अर्धापूरच्या शिवारात इसापूर धरणाच्या पाण्यावर केळी उभी आहे, तिथून ट्रक भरभरून बाहेर जातात, आणि त्याच जिल्ह्यातल्या घरात काळं पडलेलं केळं काय करावं हा प्रश्न पडतो, हे मला बरं वाटत नाही.

आता क्लासवाल्यांकडे वळते. त्यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण जुनी माणसं निदान घरचं फळ घरच्या पद्धतीने खा म्हणतात; हे लोक बाईला तिच्याच ओट्याशी अडाणी ठरवतात.

ओव्हन काय करतो? भांड्याभोवती दीडशे-दोनशे अंशांची कोरडी, सारखी उष्णता धरून ठेवतो. पाण्याची वाफ उघड्या भांड्यात शंभर अंशांपुढे जात नाही, म्हणून ढोकळ्याच्या भांड्यात ठेवलेलं फळ मऊ होईल पण लाल होणार नाही. पिठावर तो तांबूस रंग आणि खमंग वास यायला साधारण एकशे चाळीस अंशांच्या वरची आच लागते, आणि कोरडी लागते. एवढं समजलं की ओव्हनची मक्तेदारी संपली. जाड बुडाची जुनी कढई घ्यावी, तळाशी बोटभर जाड मीठ पसरावं, त्यावर कुकरची जाळी किंवा लोखंडी रिंग ठेवावी, झाकून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू द्यावी. मीठ उष्णता धरतं आणि सारखी पसरवतं. ते नंतर गाळून बरणीत ठेवलं की पुढच्या वेळी चालतं. मग फळाचं भांडं आत ठेवून आच बारीक करायची आणि चाळीस मिनिटं विसरून जायचं. यासाठी कुकरच वापरा असं सांगणारे पुष्कळ आहेत, पण पाण्याशिवाय कुकर तापवणं मला पटत नाही. रबर आणि शिट्टी काढायला एखादा विसरला तर काय होईल, याचा विचार करून तरी कढईच बरी.

कढईत एक अडचण येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आच खालून असते, म्हणून वरचा चुरा फिका राहतो, आणि झाकणाला जमलेली वाफ टपकून तो ओला होतो. क्लासमध्ये यावर उत्तर एकच मिळतं: म्हणून तर ओव्हन घ्या. पण ज्या बाईने आयुष्यभर बेसनाचे लाडू वळलेत तिला याचं उत्तर विचारावं लागत नाही. पीठ आधीच तुपावर तांबूस भाजून घ्यावं, गार झाल्यावर गूळ चोळावा, आणि झाकणाला आतून फडकं बांधून त्याची टोकं वर मुठीशी गाठ मारून ठेवावीत, ज्योतीपासून लांब. चूल असेल तर काम याहून सोपं. भाकरी झाल्यावर जो आर उरतो त्यावर पातेलं ठेवायचं, वर ताट, ताटात निखारे. ही वरची आच घरगुती कढईत मिळत नाही, आणि धोंडस, बेबिंक तिच्यावरच उभी आहेत. शेतवस्तीवरच्या चुलीला शहरातल्या ओव्हनपेक्षा कमी लेखण्याचं काहीच कारण नाही.

पिठाचा विषय मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. मैदाच हवा, असं ठासून सांगितलं जातं. हा चुरा चांगला कधी होतो? पिठाला ओढ नसेल तेव्हा. मैद्यातला, गव्हातला चिकटपणा पाणी लागलं की जागा होतो आणि चुऱ्याचे कडक गोळे बनतात. म्हणून तर पुस्तकात बजावलेलं असतं की जास्त मळू नका, बोटांची ऊब लागू देऊ नका. ज्वारीत हा चिकटपणा मुळातच नाही. भाकरी थापताना आपल्याला गरम पाण्याने उकड काढावी लागते ती यामुळेच. भाकरीला जो दोष नडतो तोच इथे गुण ठरतो: कितीही चोळा, चुरा भुरभुरीतच राहतो. इतकंच काय, विरी गेलेलं पीठ, ज्याची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटते आणि जे शेवटी गुरांच्या पुढ्यात जातं, ते इथे उत्तम चालतं. कडवट मात्र झालेलं नसावं, हे वास घेऊन बघावं. माझं प्रमाण असं: चार केळ्यांना किंवा अर्धा किलो जांबांना एक वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटीहून थोडं जास्त दाणेदार तूप, अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ, दोन चमचे शेंगदाण्याचं जाडसर कूट आणि चिमूटभर मीठ. बटरचा हट्ट इथे निरर्थक आहे. बटरमध्ये सहाव्या हिश्श्याच्या आसपास पाणी असतं, तुपात ते जवळजवळ नसतंच, म्हणून तूप कमी लागतं आणि चुरा जास्त खुसखुशीत होतो.

सफरचंदाचं काय करायचं? काही करायचं नाही. ते इंग्लंडात झाडाला लागतं म्हणून तिथे वापरतात. त्याचं खरं काम आंबटपणा देण्याचं आहे, कारण गोडावर गोड पडलं तर तोंड मिटतं. केळ्यात तो आंबटपणा नाही, पण आमच्याकडे चिंच आहे. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. लिंबाएवढी चिंच पाव वाटी पाण्यात कोळून केळ्याच्या फोडींवर घाला, थोडं जायफळ किसा, आणि मग सांगा कशाची उणीव राहिली. चिंच-गुळाची जोडी आमच्या जिभेला आमटीपासून माहीत आहे; केळ्याबरोबर ती तितकीच जमते. जांबाच्या बिया मात्र काढाव्यात, नाहीतर दाताखाली येऊन मजा घालवतात. जांबात पेक्टिन भरपूर असल्याने त्याचा रस भाजताना आपोआप घट्ट होतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही.

हे बोलताना मी सरसकट सगळी फळं कढईत ढकलायला निघालेली नाही. सीताफळ भाजू नये. त्याचा गर तापला की कडवट होतो, म्हणूनच बासुंदीत तो दूध गार झाल्यावर घालतात. बालाघाटच्या डोंगरावरचं सीताफळ चमच्यानेच खावं. केशर आंब्यालाही मी हात लावणार नाही. मराठवाड्याच्या केशरला २०१६ मध्ये मानांकन मिळालं ते त्याच्या स्वतःच्या वासासाठी, आणि मे महिन्यात, पारा बेचाळीसला टेकलेला असताना, चाळीस मिनिटं गॅस पेटता ठेवून तो वास उडवून लावण्यात काय शहाणपण आहे? हे गोड दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतचं. पपई पाणी फार सोडते, मला ती आवडत नाही. द्राक्षं भाजून अप्रतिम लागतात आणि फेब्रुवारीत स्वस्त असतात, पण हे कुणी करून पाहत नाही.

सगळ्यात जड आक्षेप बायकांकडूनच येतो, आणि त्याला उत्तर द्यायला मला वेळ घ्यावासा वाटतो. त्या म्हणतात, आधीच दोन वेळच्या भाकऱ्या, डबे, पाण्याची वेळ, वर सणावाराची पुरणं. त्यात हे आणखी एक कशाला? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा लातूरच्या घरांत भांडी किती पाण्यात घासायची हासुद्धा हिशोब होता. त्या शहरातल्या बाईला हौस शिकवायला जाणं मलाही आवडणार नाही. पण गोड करायचं नाही असं तर घरात ठरत नाही. पाहुणे येतात, वाढदिवस येतो, मुलाचा निकाल लागतो, आणि गोड होतंच. मग त्या दिवशी काय होतं ते मोजू. पुरणपोळीत डाळ शिजवणं, कट काढणं, वाटणं, कणीक तिंबणं, मग प्रत्येक पोळीमागे तव्याशी उभं राहणं. गाजर हलव्यात किसणं आणि तासभर ढवळणं. गुलाबजामात तळणीपुढून हलता येत नाही. भाजलेल्या फळाला पंधरा मिनिटांची तयारी पुरते, आणि पुढची चाळीस मिनिटं ते बाईला मागत नाही. घासायला एक भांडं, एक परात. आणि तव्याची, तळणीची कसरत नसल्याने हे नववीतला मुलगा करू शकतो, निवृत्त आजोबा करू शकतात. गोडाचं काम घरातल्या एकाच माणसाच्या अंगावर का पडतं, याची जी कारणं दिली जातात त्यात ‘इतरांना जमत नाही’ हे पहिलं असतं. ते कारण या पदार्थापुरतं तरी उरत नाही. म्हणून मी याला बाईवरचं नवं ओझं मानत नाही. मात्र हा पदार्थ पुन्हा तिच्याच नावावर चढवून दर रविवारी मागायला लागलात, तर त्यांचा आक्षेप शब्दन् शब्द खरा ठरेल आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

गॅस फुकट जातो म्हणतात. बारीक आचेवरची चाळीस मिनिटं हलव्याच्या तासाभरापेक्षा जास्त नाहीत. साखरेचा रोग घरोघर आहे, हे खरं. गुळाला औषध समजणाऱ्यांत मी नाही. रक्तात तो साखरच होतो. पण पाकात बुडवायच्या गोडात साखर कमी करता येत नाही, इथे करता येते. केळी पुरती पिकलेली असतील तर चुऱ्यातला गूळ दोन चमच्यांवर आणला तरी चव जात नाही. मधुमेह असलेल्याने तरीही मोजूनच खावं.

राहता राहिली आच. ज्यांच्याकडे चूल नाही, कढईशी खटपट करायची नाही आणि ओव्हनला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी नांदेड-लातूरच्या प्रत्येक भागात बेकरी आहे. सकाळचा पाव निघाल्यावर भट्टी एकदम गार होत नाही. विटा तापलेल्या असतात, उतरती आच कितीतरी वेळ टिकते, आणि फळाला हीच मंद होत जाणारी आच लागते. दिवाळीत जे बेकरीवाले पत्र्याच्या तबकामागे भाजणावळ घेऊन आपली बिस्किटं भाजून देतात, त्यांना जानेवारीत केळ्याचं एक भांडं आत सरकवायला सांगून पाहा. आजपर्यंत त्यांना कुणी विचारलेलं नाही, म्हणून ते देत नाहीत. भांडं घरून न्यायचं, जाड बुडाचं, कडांना दोन बोटं जागा सोडून भरलेलं, कारण रस उकळून वर येतो आणि भट्टीच्या फरशीवर सांडला तर पुढच्या वेळी ते दारात उभं करणार नाहीत. भाजणावळ आधी ठरवून घ्या.